शिवणवालीच्या घरचे न शिवलेले पडदे

गल्लीत त्यांना कडकराव म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर शेजाऱ्यांनाही डोकं खाजवावं लागलं असतं. जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली आणि तीही अशी, की सदऱ्याच्या घडीवर बोट कापावं. म्हणून कडकराव. माणूस मात्र पार मऊ. घरात आवाज चालायचा तो बायकोचा. ती कपडे शिवायची आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. "मी घडवते, हे नुसतं सपाट करतात," असं ती चारचौघांत म्हणायची आणि कडकराव हसून मान डोलवायचे.

आता ती खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती, तोंड एका अंगाला ओढलं होतं, शब्द तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत होते. आतल्या खोलीच्या दारातून खाट जाईना, म्हणून तिला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. तिथली खिडकी थेट रस्त्यावर. येणारा-जाणारा डोकावल्याशिवाय पुढे जात नसे. लोकांना काय, दुसऱ्याचं दुखणं फुकट बघायला मिळतं!

झटका आल्यापासून ती दिवसा जेवत नव्हती. चमचा पुढे नेला की ओठ घट्ट. अंधार पडला आणि खोलीतला दिवा मालवला, की चार घास कसेबसे पोटात जात, आणि त्यातलेही दोन मानेवरून उशीत. तिच्या हातांच्या काड्या झाल्या. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल." ते ऐकून तिने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.  इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

लोक बघतात म्हणून ती खात नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पडदे हवेत. गल्लीभर पडदे शिवून देणाऱ्या या बाईने स्वतःच्या खिडकीला कधी पडदा लावला नव्हता, कारण शिवायला उजेड लागतो. आता मशीन कोपऱ्यात खोळ पांघरून उभी होती आणि कडकरावांना साधं बटण लावता येत नव्हतं.

"टाकू का कुणाकडे शिवायला?" त्यांनी भीतभीत विचारलं. तिने जी नजर टाकली, ती धडधाकट असतानाच्या शिव्यांपेक्षा जड होती. शिवणवालीच्या घरचे पडदे दुसऱ्याने शिवायचे? नाकच कापलं गेलं असतं.

उपाय शेजारच्या वहिनींनी सांगितला. "भावोजी, आता टाका घालावा लागतच नाही. पट्टी मिळते. कापडाच्या दुमडीत ठेवायची, वरून इस्त्री. ती वितळते नि कापड चिकटतं. तुमच्या हातचं काम आहे की!"

बटणं-लेस विकणाऱ्याकडे ती पट्टी मिळाली. तो म्हणाला, "वर ओलं फडकं ठेवा आणि इस्त्री..."

"इस्त्रीचं मला सांगतोस होय?" म्हणून कडकराव पाठ फिरवून निघालेसुद्धा.

कपाटात दोन जुन्या निळ्या चादरी होत्या. एक मधोमध कापून दोन पडदे केले. कडा दुमडल्या, वरच्या बाजूला दांडा ओवायला नेफा केला, आत पट्टी ठेवली आणि इस्त्री फिरवली. अशी सफाईने फिरवली की कुणी बघत राहावं. ती खाटेवरून बघत होती. 

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढून त्यांनी भाताचा चमचा भरला, तोच नेफा उसवल्यासारखा उकलत गेला आणि एक अख्खा पडदा खाली आला. बाहेर नेमकी तिची एक जुनी गिऱ्हाईक बाई उभी. "अगंबाई!" म्हणाली आणि तिथून हललीच नाही. खाटेवरच्या बाईने मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी अंधारातही तिने तोंड उघडलं नाही, आणि कडकराव घाबरले.

ते पुन्हा दुकानात गेले. या वेळी तोंड मिटून ऐकलं. "फिरवायची नाही, आजोबा. एका जागी दाबून धरायची."

हीच तर मेख होती. इस्त्री थांबली की कापड जळलं, हा धडा त्यांनी पोरवयात मालकाच्या थपडेसकट घेतला होता. आता डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. दाबून धरावी तर मनगट आपोआप पुढे सरके, खालची पट्टी सरके, कड वाकडी. जित्याची खोड, दुसरं काय!

"थां...बा," खाटेवरून आवाज आला.

त्यांनी टेबल खाटेला लावलं. तिने डावा हात त्यांच्या हातावर ठेवला, जसा ती शिवण शिकायला येणाऱ्या पोरींच्या हातावर ठेवायची, आणि दाबला. ओल्या फडक्यातून वाफ निघाली. कडकरावांचा जीव वरखाली होत होता, पण हात हलला नाही. मग पुढची जागा. मग त्याच्या पुढची. संपेपर्यंत ती घामाने निथळली होती.

पडदे लागले. त्यांनी ओढून, हिसके देऊन पाहिले. हू की चू नाही. खोली निळसर, बंद, शांत झाली. त्यांनी मोठ्या हौसेने चमचा भरला आणि पुढे केला.

ओठ घट्ट.

"अगं, आता कोण बघतंय?" जन्मात पहिल्यांदा कडकराव तिच्यावर ओरडले. "आता कोण बघतंय तुला?"

तिने डाव्या हाताचं बोट उचललं. "तुम्ही."

चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला. अंधारात ती का खात होती, ते आता त्यांना कळलं. दिवा मालवला की गल्लीला दिसत नसे, हे खरं. पण त्यांनाही दिसत नसे. जिच्यापुढे ते जन्मभर मान डोलवत आले, तिच्या हनुवटीवरून ओघळणारा भात ते रोज पुसायला टपून बसत होते. त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

त्यांनी उरलेली चादर काढली. पट्टी नाही, इस्त्री नाही. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चादर खाट आणि खुर्चीच्या मधे टांगली. वाटी तिच्या डाव्या हाताशी ठेवली. सांडेल म्हणून आजवर त्यांनी तिला चमचा हातात घेऊ दिला नव्हता. आता ते पलीकडे खुर्चीत जाऊन बसले.

 मग चमचा वाटीला लागला. काहीतरी सांडलं. ते उठले आणि पुन्हा बसले. परत चमचा वाजला. निळ्या चादरीकडे बघत कडकराव कान देऊन ऐकत राहिले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही, कारण तेही आता कुणाला दिसत नव्हतं.

चादरीखालून रिकामी वाटी बाहेर आली. 

"अ...जून," ती म्हणाली.

त्यांनी वाटी भरली आणि पलीकडे न बघता आत सरकवली.