धुरातला टप्पा
लोबानचा वास आला की मला अजून ती एक मैफल आठवते. मस्कतला असताना आमच्या मंडळानं कोलकात्याच्या एका बाईंचं बंगाली टप्प्यांचं गाणं ठेवलं होतं, आणि मी त्यांच्या मागे तानपुऱ्यावर होते. स्पॉन्सर लोबानचा व्यापारी, म्हणून सेक्रेटरींनी त्याचं धुपाटणं बाईंच्या अगदी पुढ्यात मांडलं. एसीच्या झोतानं सगळा धूर त्यांच्या तोंडावर यायला लागला. बाई हात जोडून म्हणाल्या, "दादा, इसे हटा दीजिए, गला बैठ रहा है." "अरे मॅडम, फेसबुक लाइव्ह चालू है, यल्ला, शुरू करो," असं म्हणत सेक्रेटरींनी निखाऱ्यावर आणखी एक खडा टाकला. टप्प्याच्या त्या बारीक, दाणेदार ताना मधेच तुटायला लागल्या, आवाज फाटला, बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पहिल्या रांगेत माना डोलू लागल्या. शेवटी सेक्रेटरींनी माइक ओढून घेतला. "पाहिलंत? याला म्हणतात भाव!" अख्खा हॉल उभा राहून टाळ्या पिटत होता. बाई मागे वळून मला हळूच म्हणाल्या, "आज तो मैंने गाया ही नहीं." त्या मंडळात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आजही मैफलीत कुणी गहिवरून डोळे पुसले, की मी आधी धुपाटणं कुठे ठेवलंय ते बघते.