आबांची अख्खी यादी

मी अद्भुतकथा लिहिते. माझ्या कादंबरीतला भटका गायक वीणेच्या तारा छेडतो आणि नदी थांबते, राक्षस घोरायला लागतो, राजकन्येचा शाप उतरतो. हे सगळं मी पंख्याखाली बसून लिहिलं. घरात मात्र आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, संबळ वाजवायला घेतला की मी खिडकी लावून घ्यायचे. लिहिताना व्यत्यय नको ना.

प्रकाशन वलवणजवळच्या एका रिसॉर्टवर ठरलं. तिथल्या संयोजक बाई म्हणाल्या, "काहीतरी ऑथेंटिक हवं. पण सात मिनिटांत." मला लगेच आबा आठवले. आम्ही पिढीजात गोंधळी. गोंधळ घालताना आधी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवावं लागतं, आणि आबांची यादी अख्ख्या मावळाची.

"यादी जरा छोटी करा," मी म्हणाले.

"ती काय तुज्या लग्नाची पत्रिका हाय व्हय, नावं गाळायला? एक दैवत राहिलं तर रुसतं. मदी थांबवणार नसशील तरच येतो."

"नाही थांबवणार," मी शब्द दिला. सात मिनिटांचा शब्द बाईंनाही दिला होता. माझा धंदाच शब्दांचा, मागेल त्याला देते.

भर दुपारी आबा झगा आणि कवड्यांची माळ घालून उभे राहिले. दिवटी पेटवू दिली नाही, धुराचा अलार्म वाजतो म्हणे. पाहुण्यांनी फोन वर केले, मग खाली केले, मग कांदाभजी मागवली. आठव्या मिनिटाला बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, आबांसमोरचा माइक काढून घेतला आणि हसून म्हणाले, "धन्यवाद, आबा." त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बिनमाइकचे गात राहिले. भुशीच्या देवीला हाक गेली आणि भजी घेऊन निघालेला वाढपी जागीच थांबला. ट्रे टेबलावर ठेवून त्यानं हात जोडले. वलवणचं नाव आलं तशा भांडी घासणाऱ्या दोघी मावश्या ओल्या हातांनी दारात आल्या. मग आचारी आला, गेटवरचा वॉचमन आला. ज्याचं गाव झालं तो जाईना, ज्याचं व्हायचं होतं तो वाट बघत उभा. पाहुणे चहा मागत होते, द्यायला कुणी नव्हतं. माझ्या गायकाला नदी थांबवायला तीनशे पानं लागली. आबांनी संबळावर रिसॉर्टचा चहा थांबवला.

सगळ्यात शेवटी त्यांनी नवलाख उंबऱ्याचं नाव घेतलं. आमचं गाव. मी उभी राहिले. माइक अजून हातातच होता, आणि हात जोडायला तो कुठे ठेवावा, ते मला कळेना.