तेराव्याच्या पानावरचा ठोकळा

मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. वागळे इस्टेटमध्ये खाली लेथ मशिनी घरघरतात अशा एका इमारतीत, वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. धंदेवाल्यांच्या वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिराती लिहायच्या, हे आमचं काम. तिथे ठोकळ्यांची पद्धत मी आणली. दर वेळी अख्खं पान नव्याने लिहायचं नाही. मजकुराचे छोटे, आपापल्या पायावर उभे राहतील असे ठोकळे लिहून ठेवायचे आणि जिथे जो लागेल तिथे तो बसवायचा. मिसळणाच्या डब्यातलं जिरं आमटीला तेच आणि भाजीलाही तेच, तसं. एका जागी दुरुस्ती केली की सगळ्या पानांवर आपोआप होते. साहेब आधी म्हणाले, "बालवाडी काढायचीय का आपल्याला?" वर्षभरात तेच लोकांना "आमची पद्धत" म्हणून ऐकवायला लागले. मी ऐकून घेतलं, पण विसरले नाही.

आमच्या ग्राहकांमध्ये माजिवड्याच्या एक काकू होत्या. त्यांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, घरी कशाची ददात नाही. पण स्वस्थ बसणं रक्तात नाही, म्हणून त्यांनी केटरिंग काढलं. हळद, लग्न, मुंज, बारसं, सगळ्यांची पानं मी ठोकळ्यांनी रचून दिली होती. मग त्यांना तेराव्याच्या जेवणाचंही पान हवं झालं. मी नेमकी भाचीच्या साखरपुड्याला कल्याणला गेलेले. साहेबांनी पान स्वतःच जुळवलं. कुठला ठोकळा कुठे लावायचा नाही, हे मी प्रत्येकाखाली लिहून ठेवलेलं असतं. पण ते वाचलं तर साहेब कसले? बाकीच्या पानांचा शेवटचा ठोकळा त्यांनी इथेही चिकटवला. झेंडूचं तोरण, त्याखाली 'पुन्हा सेवेची संधी द्या. आम्ही वाट पाहतोय', आणि त्याखाली बटण, 'आजच बुक करा'.

त्याच आठवड्यात डोंबिवलीतल्या एका घरातल्या आजी गेल्या. काकूंचे त्या घराशी जुने संबंध. तेराव्याचं जेवण त्यांच्याकडेच ठरलं होतं. पदार्थ बघून सांगा, म्हणून काकूंनी आजींच्या मुलाला हेच पान पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "काकू, आमच्या घरी आता आणखी कोणाची वाट पाहताय?" एवढं बोलून त्याने जेवण रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या. "मना ऑर्डरीचा काय नाय गो," त्या म्हणाल्या. "त्याचे मुंजीला मी रांधलाय, लग्नाला मी रांधलाय. त्याची आय माझे हातचा जेवण मागून घ्यायची. आता तिचेच तेराव्याला दुसऱ्याचा टोप चढनार?"

साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "ठोकळे बंद. यापुढे प्रत्येक पान हाताने लिहायचं." माझं डोकं तापलं. म्हटलं, "सर, बोट कापलं म्हणून कोणी विळी फेकून देत नाही. बघून चिरायचं असतं." ते केबिनमध्ये गेले.

मी काकूंना चहा दिला आणि विचारलं, "दुःखाच्या घरी तुम्ही जाता कशा?" त्यांना आधी प्रश्नच कळेना. मग सांगायला लागल्या. टेम्पोवरचा बोर्ड झाकतात. माणसांना बजावतात, हसायचं नाही, भांडी आदळायची नाहीत. घरच्यांना सारखं काही विचारायचं नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही, गुमान निघायचं. यातलं बरंचसं मलाही ठाऊक होतं, कोणाला नसतं? पण त्यांच्या एकाही पानावर ते नव्हतं.

मी लिहिलं: 'दुःखाच्या घरी आम्ही आवाज न करता येतो. घरातल्या एका मोठ्या माणसाने एकदा सांगावं, बाकी आमच्यावर सोडावं. काम झालं की आम्ही निघतो. "येतो" म्हणत नाही.' खाली काकूंचा नंबर. तोरण नाही, बटण नाही. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "बटण नाही? मग पान कशाला?" मी म्हटलं, "या पानावर माणूस बटण दाबायला येत नाही, सर." त्यांनी ठोकळे बंद करायचा हुकूम मागे घेतला. हे क्वचित घडतं. तेरावा, वर्षश्राद्ध, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, सगळीकडे तो ठोकळा एका झटक्यात लागला. तोरणवाल्याला मी असं कुलूप घातलं की अशा पानांवर तो कोणालाच लावता येणार नाही, साहेबांनासुद्धा.

काकू फोन करून माफी मागणार होत्या. मी म्हटलं, फोनवर शब्दाने शब्द वाढेल, हेच पाठवा. त्यांनी वर 'चुकलं' एवढंच लिहिलं, खाली माझा ठोकळा जोडला आणि पाठवून दिलं. त्या दिवशी उत्तर आलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, हे कबूल करायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या सुनेचा काकूंना फोन आला, "तेराव्याला तुम्हीच या."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला फोन केला. पंगत बसली, गोड वाढायची वेळ आली. घरात वडीलधारी नातेवाईक मंडळी होती, पहिलं गोड वाढायचा मान त्यांचा, तरी तो मुलगा म्हणाला, माझ्या पानात पहिलं गोड काकू वाढतील. आईच्या खालोखाल मला यांनीच जेवू घातलंय.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय बोलनार? वाढला," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, वाटी परत करायला आलेल्या शेजारणीलाही थांबवून सांगितलं. ते पान मी लिहिलंय.