दाराशी खाट

घर घेताना काय बघावं हे मला तीन माणसांनी तीन वेळा सांगितलं. दलालाने स्लॅब बघायला सांगितलं, बायकोने नळ. वडिलांनी काय सांगितलं ते कळायला मात्र मला घर घेऊन वर पाच महिने लागले.

मी कमलनगरला मराठी शाळेत मास्तर होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं काढली होती. आई गेली तेव्हा अप्पा गावी एकटे पडले. गाव आमचं चिंताकीच्या अलीकडे, औरादला जीप बदलून जावं लागायचं. अप्पांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. पुढे कळप विकला, उरल्या चार मेंढ्या आणि एक कुत्रं. गुडघे धरत आले होते, पण माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "भाड्याच्या घरात मी न्हाई येणार. मालक कवा उठ म्हणंल सांगता येत न्हाई. तू सोताचं घर घे, मग बघू." हे 'मग बघू' मी मनात धरून ठेवलं. स्वतःचं घर घ्यायचं आणि अप्पांना आणायचं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्यांच्या मनासारखं व्हावं म्हणून घर बघायलाही त्यांनाच बोलावलं. हा माझा पहिला शहाणपणा.

भूकंपानंतर आमच्या भागात दगडमातीचं माळवद कुणाला नको झालं होतं. जो तो स्लॅब मागायचा. दलालाने पहिलं घर दाखवलं ते स्टेशनकडचं, कोरं करकरीत. "अज्जा, सळई घालून बांधलंय. आणिक काय पायजे?" तो म्हणाला. अप्पांनी घरमालकिणीकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं. ती समजली म्हातारा तहानला आहे. यांनी दोन घोट घेतले आणि बाकीचं अंगणात ओतून टाकलं. पाणी वळवळत उंबऱ्याकडे गेलं. अप्पा म्हणाले, "पाणी घरात शिरायलंय. चला." संपलं बघणं.

दुसऱ्या घराला त्यांनी अंगणातल्या भेगेत काठी खुपसली. काठी हातभर आत गेली. काळी माती उन्हाळ्यात अशीच उकलते. मग त्यांनी बोट करून भिंतीवरची चीर दाखवली, चुन्याने बुजवलेली. दलालाचा चेहरा पडला. तिसऱ्या घराला तर त्यांनी काहीच तपासलं नाही. दाराच्या चौकटीला पाठ टेकून तासभर बसून राहिले. एकदा आत बघायचे, एकदा बाहेर. उठताना म्हणाले, "आळीतल्या एका माणसानं पाणी विचारलं न्हाई. कोण, कुठलं तेबी न्हाई. असल्या जागी बसायचं न्हाई."

खरं तर प्रत्येकच घरी आधी ते असे घटकाभर चौकटीत बसायचे. मला वाटायचं गुडघे दुखत असतील, टेकतायत बिचारे.

चौथं आणि पाचवं घरही असंच गेलं. चौथ्यात दोन मागची दारं होती, "हितून गेलेलं तिथं कळत न्हाई," म्हणाले. पाचव्याच्या दारातून आतलं काहीच दिसत नव्हतं. माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस संपत आले होते आणि दलाल मला रस्त्यात बघून दुसऱ्या बाजूने जायला लागला होता. भर बाजारात मी अप्पांवर खेकसलो. "अप्पा, घर घ्यायचंय! मेंढरं बसवायची न्हाईत!"

ते शांतपणे म्हणाले, "दोनी एकच की, लेका."

वाण्याच्या दुकानासमोरची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. राग आला की मला पुढचं मागचं दिसत नाही, शाळेतली पोरंही हे जाणून होती. मी अप्पांना जीपमध्ये बसवून दिलं आणि सहावं घर त्यांना न दाखवता ठरवून टाकलं.

घर एका लिंगायत व्यापाऱ्याचं होतं. त्यांचा मुलगा हैदराबादेत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला होता आणि म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे निघाली होती. देवळीतला दिवा काढून घेताना त्या अक्कांनी देवळीला हात लावून नमस्कार केला, कानडीत काहीतरी पुटपुटल्या आणि किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली. घर चांगलं होतं. तीन खोल्या, शहाबादी फरशी, पुढे लोखंडी जाळी लावलेला ओटा. सगळ्यात मागे एक खोली, तिला जोडून संडास-न्हाणी. ती मी अप्पांना ठेवली. घरातली उत्तम खोली होती ती. नवी खाट आणली, पंखा बसवला, म्हाताऱ्या माणसाला धरून उठता यावं म्हणून न्हाणीत नळीचा दांडा ठोकून घेतला. बायको म्हणाली, "स्वतःसाठी कधी एवढं केलं नाहीत." मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

वास्तुशांतीला अप्पा आले, खांद्यावर घोंगडी टाकून. आल्या आल्या तांब्या मागितला. पाणी ओतलं, ते सरळ रस्त्याकडे गेलं. काठी टेकवून बघितली, जमीन मुरमाड. शेजारच्या बाईने तेवढ्यात चौकशी केली, कुठून आलात, चहा घेणार का. अप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मनात म्हटलं, घ्या, तुमच्याशिवाय बघितलं तरी बघता येतं मला! मोठ्या दिमाखात त्यांना मागच्या खोलीत नेलं.

"ही कुणाची?"

"तुमची. शांत आहे. कुणाचा त्रास नाही."

ते दारातच उभे राहिले. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसत होती. त्यांनी दांड्याला हात लावून बघितला, खाटेवर बसले नाहीत. जेवले, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चारच्या जीपने परत गेले. म्हणाले, "यीन की मागनं."

आले नाहीत. पावसाळाभर निरोप येत राहिले. मेंढी व्यायलीय. रान भिजलंय. गुडघा सुजलाय. नवी खाट तशीच पडून होती, बायको तिच्यावर वाळलेले कपडे टाकायची. मला वाटलं, त्यांना न विचारता घर घेतलं म्हणून रुसलेत. मग मलाही राग आला. ज्यांच्यासाठी घर घेतलं तेच यायला तयार नाहीत, मग घर घेतलं कशाला?

दसरा झाल्यावर मी गावी गेलो. अप्पा ओट्यावर लोकर पिंजत बसले होते. मी बसायच्या आधीच विचारलं, "कामून येत न्हाईत अप्पा? घरात खोट काय हाय ते तरी सांगा."

"खोट न्हाई. घर ब्येस हाय."

"मग?"

त्यांनी लोकरीची दुसरी मूठ ओढली. मग मान वर न करता ते म्हणाले, "मला कोकरांत बसवलास तू."

मी मेंढपाळाच्या घरचा, पण आठ वर्षांचा असताना मला मामाकडे शाळेला टाकलेलं. तरी एवढं मला कळायला हवं होतं. मेंढरं रानात बसवतात तेव्हा भोवती वाघूर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण. त्यात सगळ्यात आतल्या बाजूला कोकरं, लंगडी, आजारी जनावरं. आणि वाघरीच्या तोंडाशी, जिथून आत-बाहेर होतं तिथे, आडवा पडतो तो राखणारा. त्याला ओलांडल्याशिवाय काही बाहेर जात नाही, काही आत येत नाही. पन्नास वर्षं अप्पा त्या तोंडाशी झोपले होते. पाचही घरांच्या चौकटीत बसून ते आपली जागा बघत होते. आणि मी त्यांना उचलून लंगड्या मेंढरांत नेऊन ठेवलं होतं, वर धरायला दांडा ठोकून!

मला इतकी लाज वाटली की चहा तसाच टाकून मी उठलो.

परत आल्यावर सुताराला बोलावून ओट्याच्या जाळीला आतून फळ्यांची झडप करून घेतली आणि खाट तिथे आणली, दाराला लागून. बायको म्हणाली, लोक काय म्हणतील, बापाला बाहेर काढलं म्हणतील. म्हणालेही दोघे-तिघे. मी निरोप धाडला, "दाराशी खाट टाकलीय." मेंढ्या गावात देऊन सोमवारी अप्पा आले. घोंगडी, काठी आणि मागोमाग कुत्रं.

पुढची सहा वर्षं आमच्या घरातून त्यांच्या पायांना वळसा घातल्याशिवाय कुणाला बाहेर पडता आलं नाही. कोण कधी गेलं, कोण यायचं राहिलं, सगळं त्यांना ठाऊक. दिवेलागणीला शेवटचं माणूस आत आलं की खाटेवरून आवाज यायचा, "झाली सगळी." माझी लेक उदगीरला कॉलेजात जायची. तिची बस चुकली की अप्पा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन उभे राहायचे. ती चिडायची, मैत्रिणी हसतात म्हणायची. अप्पा गेले त्या संध्याकाळी सगळे घरात होतो, आणि 'झाली सगळी' म्हणायला कुणी नव्हतं. मी म्हणून बघितलं. 'झाली' एवढं म्हटलं, आणि उठून दार लावलं.

आता ती खाट माझी आहे. बायको गेल्या वर्षी गेली आणि लेक पुण्यात नोकरीला आहे. परवा तिचा फोन आला. फ्लॅट बघितलाय, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. "आणि पप्पा, सगळ्यात मागची खोली तुमची. बाथरूम जोडून. एकदम शांत, कुणाचा त्रास नाही."

मी हसलो. वाईटही वाटलं. तिला काय बोलणार, हेच शब्द तर माझे होते. सहज विचारल्यासारखं केलं, "दाराजवळ खाट मावते का गं?"

"तिथं चपलांचं कपाट आहे, पप्पा."

"असू दे. घर चांगलंय," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "पप्पा, टेप लावून बघितला. कपाट काढलं तरी दाराशी खाट मावत न्हाई. तो फ्लॅट सोडला मी. दुसरा बघायलेय."

एवढ्या कारणासाठी कुणी हातातलं घर सोडतं का, असं तिला खडसावायला मी तोंड उघडलं. पण खाटेचा कठडा धरून तसाच बसलो, आणि पलीकडून ती विचारत राहिली, पप्पा, ऐकायलाव ना?