नाना मागे आहेत!

हसायचं तर पोटभर हसा, माझी हरकत नाही. फक्त आमच्या नानांसमोर हा विषय काढू नका. इतकी वर्षं झाली, तरी अजून ते ताट सरकवून उठतात!

त्यावेळी मी जळगावला कॉलेजात होते आणि आमच्याकडे एक स्टेशन वॅगन होती. पांढरीशुभ्र, लांबलचक, मागे चांगलं आख्खं दार! नानांनी तिचं मधलं सीट काढून टाकलं होतं. शेतातून केळीचे घड आणायला जागा नको? आमची अक्का, म्हणजे नानांची थोरली बहीण, पाच वर्षं त्या गाडीत बसलीच नव्हती. का? तर म्हणे, ‘माले कोठे टेशनवर जानं शे?’

तर दादाचा साखरपुडा ठरला धुळ्याला. मुहूर्त अकराचा. सकाळी गाडी भरली. पुढे नाना चालवायला, शेजारी पहिल्यांदाच बसलेली अक्का. त्यांच्या पाठीशी फळांच्या आणि मिठाईच्या टोपल्या, थेट छपरापर्यंत! आणि टोपल्यांच्या पलीकडे गादी टाकून आई, काका, नवा क्रीम कलरचा सफारी घातलेला दादा आणि मी.

एरंडोलला चहाला थांबलो. अक्का गाडीतच बसून राहिली. चहा झाला, नानांनी किल्ली फिरवली. गाडी गप्प! पुन्हा फिरवली. नुसतं खर्र. बॅटरी बसली होती.

“सगळे ढकला,” नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “तू स्टिअरिंगवर बस.”

मी! अहो, शेताच्या रस्त्यावर चार वेळा चालवली होती, तीही बैलगाडीच्या वेगानं. आणि आता हायवेवर! मला तर आनंदानं घामच फुटला.

“नीट ऐक,” नानांनी बोट नाचवलं. “सुरू झाली की हळू चालवत राहा. आम्ही पळत येऊन मागच्या दारानं चढतो. काही झालं तरी इंजिन बंद करायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही!”

“नाही करणार!”

ढकलली. धक्का, धक्का, धक्का, आणि धडाड् करून सुरू झाली की! मी जी खूश झाले! मागे दार उघडल्याचा आवाज आला. मग धाडकन लागल्याचा. चढले सगळे! आरशात बघावं, तर नुसत्या टोपल्या. बाहेरचा आरसा तर कधीचाच तुटला होता. मी टाकला दुसरा गिअर, मग तिसरा. आणि सुटले!

काय सांगू तो रस्ता! दोन्ही बाजूंना निंबाची झाडं, खिडकीतून भन्नाट वारा. मी एक बैलगाडी मागे टाकली. मग एक ट्रॅक्टर. मग, विश्वास ठेवा, चक्क एक एस.टी.!

“नाना, बघितलं का?” मी ओरडले.

मागून उत्तर नाही. नाना गप्प! एरवी मी सायकल काढली तरी दहा सूचना देणारा माणूस. म्हणजे माझं ड्रायव्हिंग पसंत पडलं!

“नाना, मी कॉलेजच्या ट्रिपला जाऊ ना?”

तरीही शांतता. परवानगी मिळाली, असं मी धरून चालले. अक्काला जरा कमी ऐकू यायचं, ती शेजारी खुशाल पेंगत होती.

पारोळा आलं आणि मागून पत्र्यावर ठक-ठक झाली. मुहूर्ताची घाई करताहेत, दुसरं काय! मी वेग वाढवला. ठकठक आणखी जोरात. मी आणखी वाढवला. नंतर ठकठक थांबली. म्हटलं, झालं नानांचं समाधान!

धुळ्याला मुलीच्या दारात साडेदहाला हजर! मुलीचे वडील भटजींना आणायला गेले होते. स्वागताला मुलीचे मामा होते, आणि त्यांनी आमच्यातल्या कुणालाच पाहिलेलं नव्हतं. मी पाय अॅक्सिलरेटरवर ठेवून बसले. नुसती घरघर!

“नाना कुठे आहेत?” मामा खिडकीशी येऊन ओरडले.

“मागे आहेत!”

“आणि नवरदेव?”

“मागेच आहेत!”

मामा हार घेऊन मागे गेले. दार उघडलं. “या या नाना, या!” ऐकू आलं. बायका अक्कालाही हाताला धरून घरात घेऊन गेल्या. मी आपली घरघर करत बसलेली.

दहा मिनिटांनी मामा परत आले. “ताई, आत चला ना! नवरदेवाची गाडी मागून येईल, आपण चहा घेऊ.”

इंजिनच्या आवाजात मला फक्त ‘चहा’ ऐकू आलं. “नानांना विचारा, इंजिन बंद करू का?”

मामा बिचारे आत जाऊन विचारून आले. “नाना म्हणाले, ‘कर बंद, बठ्ठं ठीक शे!’”

हुश्श! मी किल्ली काढली, पदर सारखा केला आणि ऐटीत आत गेले. आणि उंबऱ्यावरच थिजले!

सोफ्यावर मधोमध एक म्हातारा. डोक्याला गांधीटोपी, गळ्यात झेंडूचा हार, हातात शिऱ्याची बशी. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं! आणि समोर बसलेली आमची अक्का, मुलीचे आजोबा समजून, त्याला वाकून नमस्कार करत होती.

“तुम्ही... कोण?” मी विचारलं.

“मी नाना,” म्हातारा शांतपणे म्हणाला.

आता आमच्याकडे दर दोन घरांआड एक नाना!

“पण गाडीत कसे आलात?”

“माले वाटनं, शीटा भरनारी भाडानी गाडी शे. सुरू व्हयनी, मी पटकन बसनू, दार लायी लिधं. माले पारोळाले उतरनं व्हतं. किती ठोकं, तू थांबनीच नही! पन पोरी, तू बठ्ठा रस्ता नाना नाना करी ऱ्हायंती, म्हनीसन माले वाटनं, वळखीनी शे.”

“आणि... आमची माणसं?”

“मांगे चार जन पयी ऱ्हायंतात खरं,” म्हाताऱ्यानं शिऱ्याचा घास घेतला. “माले वाटनं, त्यासले जागा भेटनी नही.”

मुहूर्ताला वीस मिनिटं, आणि नवरदेव एरंडोलच्या रस्त्यावर पळतोय! मुलीकडच्या बायका कुजबुजायला लागल्या. मामांचा चेहरा पांढरा पडला. मी तर तिथेच रडायला लागले.

अकराला पाच कमी असताना दारात केळीचा ट्रक थांबला. घडांवरून एकेक जण उतरला. आई, काका, मग दादा. त्याच्या क्रीम सफारीवर केळीच्या चिकाचे इतके डाग की मूळ रंग शोधावा लागला. शेवटी नाना उतरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसता किल्लीसाठी हात पुढे केला. रागावले असते तर बरं, हो!

दादानं मामांचा कोट घातला, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. पण साखरपुडा वेळेवर झाला. वहिनी अंगठी घालायला त्या बाहीत दादाचं बोट शोधत होती, आणि दोन्ही घरं पोट धरून हसत होती. नाना सोडून.

संध्याकाळी नानांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मेली! त्यांनी म्हाताऱ्याला मानानं पुढे बसवलं. मी रिकाम्या टोपल्यांच्या मागे, तोंड लपवून.

पारोळ्याला म्हातारा उतरला. नानांच्या खिडकीशी येऊन अगदी कळकळीनं म्हणाला, “भाऊ, तू मानूस चांगला शे, गाडी बी चांगली शे. पन ती सकायनी डायवर काढी टाक.”

नानांनी हात जोडले. “काय करू आबा, घरनीच शे. काढता येत नही!”