हूं कुणी म्हणायचा

“मावशी, तुम्ही पडद्यामागं बसा. मी थांबले की मोठ्यानं ‘हूं’ म्हणा. बाकी तोंड उघडू नका.”

वेस्ट मांबलमच्या हॉलमध्ये, चार लोकांदेखत, मॅडम मला म्हणाल्या. मॅडम पुण्याच्या. आता इकडं तमिळ मुलखात, अड्यारला फ्लॅट. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते. त्या दिवशी त्या तंजावरच्या मराठी लोककथा सांगणार होत्या. कथा माझ्या आईच्या. मी चटणी वाटताना सांगितल्या, त्यांनी मोबाइलमध्ये भरून घेतल्या.

“मीच सांगते की,” मी म्हणाले होते.

त्या हसल्या. “तुमचं मराठी कुणाला कळणार? निम्मं तमिळ. आणि चौथी शिकलेली बाई माइकवर काय बोलणार?”

मी ऐकून घेतलं. नोकरी होती. पडद्यामागं खुर्ची नव्हती. लोकांच्या चपलांशेजारी फरशीवर बसले.

माझी आई लोकांच्या घरी इडलीचं पीठ वाटायची. दगड फिरवत गोष्ट सांगायची. मी प्रत्येक वाक्याला हूं द्यायचे. आमच्यात रीतच आहे. हूं आला की गोष्ट पुढं जाते. ऐकणाऱ्याला पटलं नाही तर हूं देत नाही. मग सांगणाऱ्याला थांबावंच लागतं.

मॅडमनी राजवाड्यात पाणी वाहणाऱ्या बाईची गोष्ट काढली. मी हूं देत राहिले. राणी त्या बाईला म्हणते, पुढच्या दारानं येऊ नकोस, वाडा बाटतो. आईच्या गोष्टीत ती बाई तिथंच, उंबऱ्यावर, घागर पालथी करते. म्हणते, “आता तुझं तू आण.” आणि निघून जाते.

मॅडम म्हणाल्या, “राणीनं तिला जरीचं लुगडं दिलं. ती राणीच्या पाया पडली.”

थांबल्या.

मी हूं दिला नाही.

त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. मग पडद्याकडं तोंड करून दबक्या आवाजात, “मावशी! हूं!”

मी उठले. बाहेर आले. गुडघे दुखत होते, तरी आले.

“माझी आई कुणाच्या पाया पडायची गोष्ट सांगत नव्हती,” मी म्हणाले. आणि शेवट सांगितला. माझ्या मराठीत. तमिळसकट. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हूं दिला.

मॅडमनी माइक ओढला. “आमच्या लाडक्या आजी जरा भावनिक झाल्या. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.”

घरी मावशी, माइकवर आजी. मी भावनिक नव्हते. माझं डोकं फिरलं होतं.

टाळ्या चालू असतानाच मी चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला गेले नाही. त्यानंतरही नाही.

परवा त्यांचा फोन आला. “मावशी, झालं गेलं सोडा. अजून दोन-तीन गोष्टी हव्या होत्या.”

“या,” मी म्हणाले. “मोबाइल बाहेर ठेवा. फरशीवर बसा. मी सांगेन, हूं तुम्ही द्यायचा.”

फोन बंद झाला.

होऊ दे. गोष्टी माझ्याकडं आहेत. पडद्यामागून आता एकही मिळणार नाही.