मापाआधीचा शर्ट

टेलरमास्तर माणसाला दुकानाची पायरी चढताना बघत आणि तो बाकावर टेकेपर्यंत त्याची छाती, खांदा, बाही, सगळं मनातल्या मनात कापून मोकळे होत. गिऱ्हाईक ओशाळून पोट आत ओढे. "सोडा, सोडा," मास्तर म्हणत, "मी तुमचं पुढच्या वर्षीचं पोट धरलंय." आणि वर्षभरात ते पोट इमानेइतबारे त्या जागेत येऊन बसे. कपड्यांच्या बाबतीत मास्तरांना उद्याचं आज दिसायचं. बाकी बाबतीत म्हणाल, तर कपाळावर चढवलेला स्वतःचा चष्माही दिसायचा नाही.

त्यांचा मुलगा दूरच्या शहरात, एका गोदामात कामाला. कितीतरी वर्षांनी तो शुक्रवारी येणार म्हणून फोन आला आणि मास्तरांनी निळं कापड ओढलं.

"माप तरी विचारा त्याला," काजं करता करता बायको म्हणाली.

"बापानं पोराचं माप विचारायचं? मग त्याचं नावही विचारून घेतो!"

"गेला तेव्हा नुसती काडी होता हो."

"मीही काडीच होतो. या वयात माणूस भरतो. छाती चाळीस." आणि कात्री चाललीसुद्धा.

शाळेतून निवृत्त झालेले भाषेचे गुरुजी पँट न्यायला आले, ते बाकावरच रमले. कुणाला काही शिकवल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे.

"मास्तर, तुम्ही करताय ना, ती अपेक्षा. ‘ईक्ष्’ म्हणजे बघणं. त्याला ‘प्रति’ लागलं की प्रतीक्षा, येणाऱ्याच्या दिशेनं बघणं. ‘अप’ लागलं की अपेक्षा. अप म्हणजे दूर, पलीकडे. जे अजून आलेलंच नाही, तिकडे नजर लावून बसायचं."

"आणि तेवढ्यात तो समोर येऊन उभा राहिला तर?"

गुरुजींनी कपाचा तळ न्याहाळला. "तेवढं त्या शब्दात नाही. ते तुमचं तुम्ही बघायचं."

"बघू की! त्यात काय एवढं?"

शुक्रवारी दुपारी मास्तरांचं मशीनवर लक्ष नव्हतं. एक माणूस पिशवी सावरत पायरी चढला आणि सवयीनं डोळ्यांनी आपलं काम उरकलं. छाती तेहतीस, खांदे उतरलेले, कापड कमी लागेल.

"या, बसा. काय शिवायचंय?"

माणूस पायरीवरच थांबला. "बाबा," तो म्हणाला.

मास्तर धडपडत उठले. "अरे, उन्हानं डोळे दिपले बघ," ते म्हणाले. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

दुकानामागच्या खोलीत आईनं त्याला आधी पाणी दिलं, मग जवळ बसवून सगळं काढून घेतलं. वर्षभर आजार. बरेच उपाय झाले. आता डॉक्टरांनी हात टेकलेत, घरी जा म्हणालेत.

"फोनवर आवाज तर कसा खणखणीत असायचा तुझा!"

"फोन लावायच्या आधी बसून दम घ्यायचो, आई."

त्यानं शर्ट अंगात घातला. खांद्याची शिवण दंडावर उतरली. "रंग खुलतोय हं तुला," आई म्हणाली आणि पाठ फिरवून उगीच डबे सारखे करत बसली.

संध्याकाळी मास्तर शर्ट उसवायला ब्लेड घेऊन बसले, तर तिनं तो हातातून ओढून घेतला.

"आत घ्यायचा नाही."

"अगं, लोंबतोय अंगावर."

"लोंबू दे. भरेल तो. तुम्हीच म्हणालात ना, या वयात भरतो म्हणून?"

मास्तरांनी ब्लेड ठेवून दिलं. डोळ्यांनी काय मोजलं होतं, ते तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा तोच शर्ट घालून, बाह्या दुमडून बाकावर बसला. गुरुजी आले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! पोराच्या पाठीवर थाप मारून ते खो खो हसले.

"अहो मास्तर, हा काय शर्ट म्हणायचा? यात दोघं मावतील! बरा आहेस ना रे तू?"

मुलगा खाली बघायला लागला. आतल्या दाराशी त्याची आई येऊन उभी राहिली.

एरवी त्यांच्या मापाला कुणी असं हसलं असतं, तर मास्तरांनी त्याला कापडासकट पायरीखाली उतरवलं असतं.

"शर्ट चुकला, गुरुजी," मास्तर म्हणाले. "पोरगा ठणठणीत आहे. मलाच हल्ली मापं जमत नाहीत."